रिपोर्टवरचं ईआर, पीआर, हर-टू आणि तो मेणाचा ब्लॉक

कोयनाकाठ
सोमवार, रात्री ९:२०

गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या मुलाचा फोन आला. त्याच्या बायकोच्या डाव्या स्तनात गाठ होती, सुईने तुकडा काढून तपासायला दिला होता. आवाजात सुटका झाल्याचा आनंद. "मावशी, तिन्ही निगेटिव्ह आलं. सुटलो आपण!" मी रिपोर्टचा फोटो मागवला. पहिल्याच ओळीत कॅन्सर लिहिलेला होता आणि खाली ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. हे त्याला समजावून सांगणं मला फार जड गेलं. तेव्हाच ठरवलं की एकदा सगळं नीट लिहून काढायचं.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. आलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रवात, मुरला की मेणात बसवायचा, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि ट्रे पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवायचा, हे माझं काम. औषधोपचाराबद्दल मी काही सांगणार नाही. पण रिपोर्टवरची ही नावं येतात कुठून आणि ती कधी चुकतात, हे माझ्या हाताखालून गेलेलं आहे.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. ही दोन्ही प्रथिनं पेशीच्या केंद्रकात सापडतात. हर-टू पेशीच्या बाहेरच्या आवरणात असतं. चाचणीला आयएचसी म्हणतात. त्या त्या प्रथिनालाच जाऊन चिकटेल असं प्रतिपिंड कापावर घालायचं आणि ते जिथे चिकटलं तिथे तपकिरी रंग उमटवायचा. बाकीचं सगळं निळसर. ईआर भरपूर असलेल्या गाठीचा काप दुर्बिणीखाली बघितला की निळ्या कापडावर मोहरी सांडल्यासारखी दिसते. हर-टूचा जोर असेल तर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ, खुराड्याच्या जाळीसारखी.

शंभर पेशींतली एक जरी रंगली तरी आज ईआर पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहितात. हर-टूला ०, १+, २+, ३+ असे गुण. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे नक्की सांगता येत नाही, फिश टेस्ट करून पेशीत हर-टूच्या जनुकाच्या किती प्रती आहेत ते मोजा. चौथं नाव असतं केआय-६७. विभागणीच्या चक्रात शिरलेल्या पेशीतच हे प्रथिन दिसतं, म्हणून गाठ किती वेगाने वाढतेय याचा अंदाज येतो. जर्मनीतल्या कील शहरात १९८३ साली त्याचं प्रतिपिंड सापडलं आणि ते प्लेटच्या ६७ व्या खळग्यात होतं, म्हणून 'केआय' आणि '६७'. आमच्या मॅडम प्रत्येक नव्या मुलीला हे सांगायच्या.

या रिपोर्टात पॉझिटिव्ह म्हणजे 'आहे' आणि निगेटिव्ह म्हणजे 'नाही', इतकाच अर्थ. चांगलं-वाईट त्या शब्दात नाही. ईआर असणं बहुतेक वेळा बऱ्या बाजूचं, कारण गाठ हॉर्मोनवर जगते आणि ते तोडणारी गोळी आपल्याकडे आहे. तिन्ही नसणं, म्हणजे 'ट्रिपल निगेटिव्ह', याचा अर्थ ती गोळीही लागू नाही आणि हर-टूचं इंजेक्शनही नाही, मुख्य भिस्त केमोवर.

आणि हात जोडून एक विनंती. बायॉप्सीचा नि ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे आणि त्याचा नंबर काय, हे घरात कुणीतरी लिहून ठेवा. रिपोर्ट हा त्या ब्लॉककडे एकदा बघून लिहिलेला कागद आहे. ब्लॉक असेल तर पुन्हा बघता येतं.

तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा. येतं ते सांगेन.


अबोली
सोमवार, रात्री १०:०५

काकू, फार गरजेचा धागा. आईचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं. वय ६१. रिपोर्ट समोर घेऊन बसले आहे. ईआर ९० टक्के, आलरेड स्कोअर (किती पेशी रंगल्या आणि किती गडद, याचा आठपैकी गुण) ८. पीआर २० टक्के. हर-टू १+. केआय-६७ १८ टक्के. गाठ १.८ सेंटीमीटर, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा १ ते ३ मधला दर्जा) २, काखेतल्या गाठी (लसीकाग्रंथी) स्वच्छ, म्हणजे तिथे कॅन्सर पोचलेला नाही. डॉक्टर म्हणाले 'चांगला प्रकार आहे'. आईने मला एकटीला गाठून विचारलं, "चांगला म्हणजे किती वर्षं गं?" मला उत्तर देता आलं नाही. या आकड्यांवरून ते सांगता येतं का?


निळीजांभळी
सोमवार, रात्री ११:३०

कोयनाकाठताई, तुम्ही लिहिलेलं आमच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटना वाचायला द्यावं असं आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मुंबईत.

अबोली, तुमच्या आईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर कुणालाच देता येत नाही. पण आकडे काय बोलतात ते सांगते.

या खुणा दोन वेगळ्या कामांच्या असतात आणि रिपोर्टात त्या शेजारी शेजारी छापल्याने गोंधळ होतो. एक काम आजाराचा कल सांगण्याचं: काहीच उपचार केले नाहीत किंवा सगळ्यांना सारखेच केले, तर कुणाचा आजार उलटण्याचा धोका जास्त. दुसरं काम गाठ अमुक औषधाला दाद देईल का हे सांगण्याचं. केआय-६७ मुख्यतः पहिल्या प्रकारात येतं. ईआर दोन्हींत येतं, पण त्याची खरी किंमत दुसऱ्यात. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने १८९६ मध्ये बीजकोष काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनाच्या गाठी आक्रसल्याचं लिहिलं. काहींच्याच का, हे तेव्हा कुणाला कळलं नाही. साठेक वर्षांनी शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरून शरीरात ते धरून ठेवणारं प्रथिन दाखवलं. ज्या गाठीत ते प्रथिन, तीच गाठ हॉर्मोन तोडल्यावर आक्रसते. टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोन अडवणारी गोळी कुणाला द्यायची हे आज याच प्रथिनावरून ठरतं. ईआर असलेल्या स्त्रियांनी पाच वर्षं ती गोळी नीट घेतली तर पहिल्या पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. वीस मोठ्या चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये हे मांडलं गेलं. ईआर नसलेल्या गाठीत याच गोळीचा उपयोग जवळपास शून्य.

तुमच्या आईंचा ईआर जोरदार आहे. पाळी गेलेल्या स्त्रीला बहुधा लेट्रोझोलसारखी गोळी देतील, ते डॉक्टर ठरवतील. गोळी रोज, वर्षानुवर्षं घ्यायची असते. सांधे दुखतात, कंटाळा येतो आणि मधेच ती बंद करणाऱ्या खूप जणी मी पाहिल्या आहेत. आईंच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती गोळी आहे, असं त्यांना सांगा.

१८ टक्के केआय-६७ वर फार विचार करू नका. तोच काप दोन चांगल्या पॅथॉलॉजिस्टनी मोजला तर एक १४ म्हणेल, एक २२. या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये स्पष्टच लिहिलं आहे की ५ किंवा त्याखाली आणि ३० किंवा त्यावर असेल तेव्हाच या आकड्यावर निर्णय टेकवावा. मधला पट्टा धूसर आहे.


मिरजमळा
मंगळवार, सकाळी ७:१०

मी इथे फारसा लिहीत नाही. बायकोला २०१६ मध्ये झालं. वय तेव्हा ४३. रिपोर्टवर हर-टू २+ होतं. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी '२+ म्हणजे निगेटिव्हच समजा' म्हणून केमो सुरू करायला सांगितलं. मेहुणा फार्मसीचं शिकलेला, त्याने हट्ट धरला की फिश झाल्याशिवाय नाही. ब्लॉक मीच रात्रीच्या गाडीने मुंबईला नेला, रुमालात गुंडाळून वरच्या खिशात. रिपोर्टला बारा दिवस लागले आणि पॉझिटिव्ह आला.

मग केमोबरोबर ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे ते हर-टूचं इंजेक्शन. दर तीन आठवड्यांनी एक, वर्षभर. दर तीन महिन्यांनी हृदयाची टू-डी इको. मूळ कंपनीचं इंजेक्शन आम्हाला झेपलंच नसतं. बंगळुरूच्या बायोकॉनचं भारतात तयार झालेलं २०१४ पासून मिळायला लागलं होतं, ते घेतलं. तरी एक एकर विकला. आज ती ठणठणीत आहे, काल गवार तोडायला आली होती.

मला एवढंच विचारायचं आहे. ते डॉक्टर म्हणाले तसं निगेटिव्ह समजून पुढे गेलो असतो तर काय झालं असतं?


निळीजांभळी
मंगळवार, दुपारी १:४५

मिरजमळा दादा, वाचून बरं वाटलं. एका माणसाबद्दल 'काय झालं असतं' हे सांगता येत नाही, पण हर-टूचा इतिहास सांगते, त्यातून मेहुण्यांच्या हट्टाची किंमत कळेल.

१९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासल्या. ज्या गाठींत हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या, त्या स्त्रियांचा आजार लवकर उलटत होता आणि त्या लवकर जात होत्या. म्हणजे त्या काळी हर-टू ही वाईट कल सांगणारी खूण, आणि ती कळून करता काहीच येत नव्हतं. मग त्याच प्रथिनावर नेम धरणारं प्रतिपिंड तयार झालं. अमेरिकेत १९९८ मध्ये ट्रॅस्टुझुमॅबला मान्यता मिळाली, आधी पसरलेल्या आजारासाठी. पुढे ऑपरेशननंतर वर्षभर ते दिल्यावर काय होतं, हे तिथल्या दोन मोठ्या चाचण्यांतून दिसलं. दहा वर्षांनी नुसत्या केमोच्या गटातल्या ७५ टक्के स्त्रिया हयात होत्या, इंजेक्शन मिळालेल्या गटातल्या ८४ टक्के.

हे ज्यांच्या गाठीत हर-टू वाढलेलं आहे त्यांच्यासाठीच. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांत ते असतं. २+ आला की फिश हवीच, त्यात 'समजा' चालत नाही.


विदर्भवासी
मंगळवार, रात्री ९:५०

मी नागपूरला संख्याशास्त्र शिकवतो. आईला आणि मोठ्या बहिणीला हा आजार झाला, त्यामुळे हे आकडे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत.

वरचे ७५ आणि ८४ लोक कसे वाचतात ते मला ठाऊक आहे. 'म्हणजे मला वाचण्याची ८४ टक्के खात्री.' तसं ते नाही. हजारो बायकांच्या गटाचा तो आकडा. त्यात लहान गाठवाल्या होत्या, काखेत दहा गाठी असलेल्याही होत्या. आपली बहीण त्या गटात नेमकी कुठे बसते ते गाठीचा आकार, काख, ग्रेड, वय आणि या खुणा सगळ्या मिळून ठरवतात. एकटं प्रथिन फार थोडं सांगतं.

अजून एक गोष्ट मला बहिणीच्या आजारपणात उशिरा समजली, आणि ती आधी कुणी सांगायला हवी होती. वेळेचा आकार वेगळा असतो. ट्रिपल निगेटिव्ह उलटला तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. पाच वर्षं पार पडली की धोका खूप खाली येतो. ईआर असलेला आजार शांत असतो, पण त्याची आठवण लांब असते. ८८ चाचण्यांतल्या ६२,९२३ स्त्रियांचा आढावा २०१७ मध्ये आला. या सगळ्यांनी पाच वर्षं हॉर्मोनची गोळी घेतलेली आणि पाचव्या वर्षी त्या निरोगी होत्या. तरी पुढच्या पंधरा वर्षांत आजार दूर कुठे तरी उगवण्याचं प्रमाण, गाठ दोन सेंटीमीटरपर्यंत आणि काख स्वच्छ असेल तर १३ टक्के, आणि गाठ त्याहून मोठी व काखेत चार ते नऊ गाठी असतील तर ४१ टक्के.

माझ्या बहिणीचं ईआर ८० टक्के होतं. पाचव्या वर्षी आम्ही घरी सत्यनारायण घातला आणि तपासण्या सोडल्या. नवव्या वर्षी कंबर दुखायला लागली तेव्हा कुणाच्याच मनात हे आलं नाही, सहा महिने मालिश चालू होतं. हाडात आलं होतं. ती अजून आहे, नव्या गोळ्यांवर आहे. पण ते सहा महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत.

अबोली, आईंना घाबरवू नका. फक्त पाच वर्षांनी फाइल बंद करू नका.


अबोली
मंगळवार, रात्री १०:३०

वाचलं. दोनदा वाचलं. ताईंना नमस्कार सांगा. फाइल बंद करणार नाही.


नॉटिंगहॅमकर
बुधवार, पहाटे ३:१५

माझं इथेच ऑपरेशन झालं, चार वर्षांपूर्वी. ब्रिटनमध्ये डॉक्टर 'प्रेडिक्ट' नावाचं एक गणक वापरतात. वय, गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या गाठी, ईआर, हर-टू, केआय-६७ हे सगळं भरलं की पडद्यावर येतं: तुमच्यासारख्या शंभर जणींपैकी दहा वर्षांनी इतक्या हयात, त्यात गोळीमुळे इतक्या जास्त, केमोमुळे इतक्या जास्त. माझ्या बाबतीत केमोमुळे शंभरात दोन जणी जास्त, असं आलं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी साताऱ्याच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, त्या दोघींतली एक तू असलीस तर?" मी केमो घेतली.

एक सांगायला हवं. हे गणक मुळात पूर्व इंग्लंडमधल्या रुग्णांच्या नोंदींवर उभं केलेलं होतं. आपल्याकडच्या पस्तिशी-चाळिशीतल्या बायका त्यात किती असणार? माझी चुलतबहीण सांगलीला होती, तिचे आकडे मी इथून भरून तिला पाठवायचे. ते करायला नको होतं, असं आता वाटतं. तिच्या डॉक्टरांपेक्षा माझ्या पडद्यावर तिचा जास्त विश्वास बसला होता.


निळाई
बुधवार, सकाळी ११:००

कोयनाकाठ काकूंनी 'ब्लॉक जपा' म्हटलंय त्यावर माझा अनुभव. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पाच जिल्हे सोडून आहे इतकंच.

आईचं स्तन काढलं शनिवारी संध्याकाळी. लॅब सोमवारी उघडणार. नमुना तसाच अख्खा बरणीत, वर थोडं फॉर्मलिन घालून ठेवला होता, हे आम्हाला नंतर वॉर्डातल्या मामांनी सांगितलं. रिपोर्ट आला ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू ०. आम्ही सगळे हादरलो. आई ६८ वर्षांची, गाठ हळूहळू वाढलेली, ग्रेड १. पुण्याच्या डॉक्टरांना ते पटेना. ते म्हणाले, या वयात, ग्रेड १ आणि ट्रिपल निगेटिव्ह? मला ब्लॉक आणून द्या. ऑपरेशनचा ब्लॉक आणि त्याआधीच्या सुईच्या बायॉप्सीचा ब्लॉक, दोन्ही नेले. बायॉप्सीच्या ब्लॉकवर ईआर ९५ टक्के आलं.

केमोचे दोन डोस तोवर झाले होते. आईचे केस गेले होते. तिसरा डोस डॉक्टरांनी थांबवला, गोळी सुरू केली. सहा वर्षं झाली, रोज सकाळी चहाबरोबर घेते.


कोयनाकाठ
बुधवार, दुपारी ४:३०

निळाई, वाचून पोटात कालवलं. कारण हे असंच होतं आणि ते टाळता येतं.

फॉर्मलिन ऊतीत फार सावकाश शिरतं. अख्खं स्तन बरणीत टाकलं तर बाहेरचा थर टिकतो आणि आतली गाठ दोन दिवस कुजत राहते. प्रथिन मोडलं की प्रतिपिंडाला चिकटायला काही उरत नाही. रंग येत नाही. कागदावर 'निगेटिव्ह'. खरं म्हणजे ते निगेटिव्ह नसतं, प्रथिन आमच्या हातून गेलेलं असतं. म्हणून नियम असा की ऑपरेशन झाल्यापासून तासाच्या आत नमुना गाठीतून चिरून, पावाच्या स्लाइससारखा उघडून, त्याच्या दसपट फॉर्मलिनमध्ये बुडवायचा आणि किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास ठेवायचा. सुईचा तुकडा बारीक असतो, त्यात फॉर्मलिन लगेच मुरतं. म्हणून तुझ्या आईच्या बायॉप्सीने खरं सांगितलं.

रंगवताना आमच्याकडे एक राखणदार असतो. गाठीच्या शेजारी चांगल्या स्तनाच्या नळ्या असतात, त्यांच्या काही पेशींत ईआर असतंच. त्या रंगल्या आणि गाठ रंगली नाही तर निगेटिव्ह खरं. त्याही कोऱ्या राहिल्या तर चाचणीच फसली, पुन्हा करायची. मॅडम अशा वेळी रिपोर्ट सही न करता माझ्या टेबलावर परत आणून ठेवायच्या. आम्हाला जादा काम पडायचं, मी तेव्हा चिडलेही आहे. आज त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

टाटा मेमोरियलच्या पॅथॉलॉजिस्टनी २००९ मध्ये अकरा हजारांहून जास्त गाठींचा आढावा प्रसिद्ध केला होता, त्यात हॉर्मोन रिसेप्टर असलेल्या निम्म्याहून थोड्याच जास्त होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण सत्तर-पंचाहत्तरच्या घरात असतं. आपल्याकडे आजार तरुण वयात दिसतो, हे त्याचं एक कारण खरंच आहे. पण छोट्या गावांतून आमच्याकडे आलेल्या बरण्या मी उघडलेल्या आहेत. काही सलाइनमध्ये, एक तर नुसत्या कापडात. त्यातल्या किती बायकांना गोळी मिळायला हवी होती आणि मिळाली नाही, हा विचार निवृत्त झाल्यावर जास्त येतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना विचारायला संकोच करू नका: नमुना किती वेळात लॅबला जाणार? शनिवार-रविवार आहे का? हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.


स्वाती_७९
बुधवार, संध्याकाळी ६:२०

एक विचारते. जाऊबाईंच्या रिपोर्टात 'प्रोटीन ओव्हरएक्स्प्रेशन' लिहिलंय. तेव्हापासून सासूबाईंनी त्यांची डाळ, अंडी, दूध सगळं बंद केलंय. प्रोटीन वाढलंय म्हणून. केमो चालू आहे आणि त्या नुसत्या भातावर आहेत. वजन सहा किलो उतरलं.


निळीजांभळी
बुधवार, संध्याकाळी ६:४०

स्वातीताई, आजच रात्री त्यांना वरण आणि अंडं द्या. तो शब्द गाठीच्या पेशींत बनणाऱ्या हर-टू या एका प्रथिनाबद्दल आहे. ताटातल्या डाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. केमोमध्ये शरीराला प्रथिनं जास्तच लागतात. सासूबाईंना हवं तर मी फोनवर समजावते, मला खासगी निरोप पाठवा. सहा किलो उतरलंय हे उद्याच ऑन्कॉलॉजिस्टना कळवा, पुढच्या डोसआधी त्यांना माहीत हवं.


स्वाती_७९
बुधवार, रात्री ९:१५

मूग डाळीची खिचडी आणि दूध घेतलं. सासूबाईंनी स्वतःच करून दिलं.


मिरजमळा
गुरुवार, सकाळी ६:५०

एवढी काटछाट करण्यापेक्षा रक्तातून कळत नाही का हे? आमच्याकडे सीए १५-३ दर तीन महिन्यांनी काढायचे.


निळीजांभळी
गुरुवार, दुपारी २:००

नाही दादा. सीए १५-३ रक्तात फिरणारं वेगळंच प्रथिन. सुरुवातीच्या आजारात ते बहुतेकींचं नॉर्मल असतं आणि इतर कारणांनीही वाढतं. पसरलेल्या आजारात औषध लागू पडतंय का, हे बघायला त्याची मदत होते. ईआर, हर-टू गाठीतच बघावं लागतं. आजार परत आला तर नवीन जागेचा तुकडा काढून पुन्हा तपासतात, कारण खुणा बदलतात. ईआरच्या बाबतीत साधारण पाचातल्या एकीत बदल दिसतो. विदर्भवासींच्या बहिणीची हाडातली बायॉप्सी झाली असेलच.


विदर्भवासी
गुरुवार, दुपारी ३:२०

झाली. ईआर राहिलं होतं, पीआर गेलं होतं.

अबोलींच्या आईंसारख्या केसमध्ये केमो हवी की नको, हा प्रश्न पुढे येईल, त्यावर थोडं. अमेरिकेतली ऑन्कोटाइप डीएक्स ही तपासणी गाठीतल्या २१ जनुकांचा आरएनए (जनुक किती काम करतंय याची खूण) मोजून आजार उलटण्याच्या धोक्याचा गुण देते. २०१८ मध्ये टेलरएक्स या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की काख स्वच्छ, ईआर आहे, हर-टू नाही, अशा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मधल्या गुणांपर्यंत केमोने काही वाढीव फायदा होत नाही. पण ऑन्कोटाइपचा खर्च लाखांत जातो. त्याआधीच, २०११ मध्ये, लंडनच्या गटाने साध्या आयएचसीच्या चार खुणा (ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७) एका सूत्रात बसवून जवळपास तेवढीच माहिती मिळते असं दाखवलं होतं. मला संख्याशास्त्रज्ञ म्हणून ते काम फार आवडतं. मात्र ते मोजमाप एका उत्तम प्रयोगशाळेत झालं होतं, आणि कोयनाकाठताईंनी वर्णन केलेल्या बरणीतून आलेले चार आकडे कुठल्याही सूत्रात घातले तरी काय निघणार?

आपल्याकडे बंगळुरूच्या ऑन्कोस्टेमने, डॉ. मंजिरी बाकरे यांच्या पुढाकाराने, कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी आणली आहे. तीही प्रथिनांचीच: सीडी४४, एन-कॅडहेरिन, पॅन-कॅडहेरिन आणि औषध पेशीबाहेर फेकणारी दोन, एबीसीसी४ व एबीसीसी११. त्यांच्या जोडीला गाठीचा आकार, ग्रेड आणि काख. १ ते १०० मध्ये गुण येतो, १५.५ पर्यंत धोका कमी. भारतीय रुग्णांच्या ब्लॉकवर उभी राहिलेली चाचणी म्हणून मला तिचं मोल वाटतं. तरी ऑन्कोटाइपमागे दहा हजार स्त्रियांची, आधी आखून मग वर्षानुवर्षं चालवलेली चाचणी उभी आहे आणि हिच्यामागे प्रामुख्याने साठवलेल्या नमुन्यांचा अभ्यास आहे. दोन्ही पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. डॉक्टरांशी हे बोलून घ्या.


निळीजांभळी
गुरुवार, रात्री ८:१०

याला पूर्ण दुजोरा. अबोली, अजून एक, तुमच्या आईंच्या हर-टू १+ बद्दल. काही वर्षांपूर्वीपर्यंत ० आणि १+ यात आम्ही फरकच करत नव्हतो, दोन्ही निगेटिव्ह. २०२२ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान हे औषध १+ आणि फिश निगेटिव्ह २+ असलेल्या, पसरलेल्या आजारातही आयुष्य वाढवतं असं दिसलं. आता त्याला 'हर-टू लो' म्हणतात. आईंना आज त्याची गरज नाही, देव करो आणि कधी न पडो. पण कागदावर 'निगेटिव्ह' न लिहिता '१+' लिहिलंय, ते तसंच राहू द्या, जपून ठेवा.


नॉटिंगहॅमकर
शुक्रवार, पहाटे ४:००

काकू, तुमच्या मावसबहिणीच्या सुनेचं काय झालं? पहिल्या दिवसापासून मनात आहे.


कोयनाकाठ
शुक्रवार, सकाळी ९:४०

ब्लॉक मुंबईला पाठवून पुन्हा बघून घेतला. ट्रिपल निगेटिव्हच आहे, शेजारच्या नळ्या छान रंगल्या होत्या, म्हणजे शंका नाही. वय ३८. ऑपरेशनआधीच केमो सुरू केली आहे, दोन डोस झाले. गाठ हाताला लहान लागते असं ती म्हणते, डॉक्टरांनाही तसंच वाटतंय. ऑपरेशनमध्ये गाठीचा मागमूस उरला नाही तर पुढचा रस्ता बराच सुकर होतो, असं त्यांनी सांगितलं. तरुण वय आणि ट्रिपल निगेटिव्ह, म्हणून बीआरसीएची (घराण्यातून चालत येऊ शकणाऱ्या जनुकदोषाची) तपासणीही झाली, तो रिपोर्ट यायचा आहे. तिला दोन मुली आहेत, त्यामुळे त्याची धास्ती जास्त आहे.

तो मुलगा आता प्रत्येक कागद वाचतो. परवा मला विचारत होता, "मावशी, केआय-६७ ७० टक्के आहे, म्हणजे वेगाने वाढणारी. पण केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींनाच जास्त लागते ना?" मी हो म्हटलं. ते खरं आहे.


अबोली
शुक्रवार, दुपारी १२:१५

काकू, तुमच्या सांगण्यावरून आज लॅबमध्ये गेले. ते म्हणाले, काही वर्षांनी जुने ब्लॉक काढून टाकतात, हवे तर सही करून घेऊन जा. दोन ब्लॉक दिले, प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत पिवळट मेण आणि मधे करडा तुकडा. हातात घेतल्यावर कसंतरीच झालं. आईला दाखवले नाहीत. घरी कुठे ठेवू? फ्रिजमध्ये?


कोयनाकाठ
शुक्रवार, दुपारी १२:४०

फ्रिज नको. कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेव. ऊन, गॅस, गाडीचा डॅशबोर्ड यापासून लांब, मेण साठ अंशांच्या आत वितळतं. छोट्या डबीत कापूस घालून ठेव. डबीवर आईचं नाव, लॅबचं नाव, तारीख आणि चौकटीवर लिहिलेला नंबर, तोच नंबर रिपोर्टवर आहे ना ते आत्ता ताडून बघ. आणि डबी कुठे आहे ते घरातल्या अजून एकाला सांगून ठेव.